बीळवासी कोळ्याची नवी जात: शोध कसा घ्यावा व कसा सिद्ध करावा

सह्याद्रीच्या घाटांत रस्ता काढताना डोंगर तासून जी मातीची उभी भिंत उरते, तिच्यावरील शेवाळलेल्या, सावलीच्या पट्ट्याकडे पावसाळा सरता सरता लक्ष देऊन पाहिले असता, रुपयाच्या नाण्याहूनही लहान अशी एक गोल रेघ क्वचित दृष्टीस पडते. ती रेघ म्हणजे माती आणि रेशीम यांच्या एका झाकणाची कड असते, आणि त्या झाकणामागील बिळात एक कोळी आपले सारे आयुष्य, जे मादीच्या बाबतीत अनेक वर्षांचे असू शकते, निमूटपणे कंठीत असतो. असा प्राणी ज्याला प्रथमच दिसतो त्याच्या मनात, हा शास्त्राला अज्ञात तर नसेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आणि विशेष हे की ती शंका नेहमीच निराधार असते असेही नाही. सह्याद्रीच्या नावाची टिजिडिया सह्याद्री ही जात २०११ साली वर्णिली गेली. आणि ज्या मुंबईत निसर्ग-इतिहासाची संस्था १८८३ पासून नांदते आहे, त्या मुंबईचे नाव धारण करणारी इडिऑप्स बॉम्बेएन्सिस ही झाकणाचे बीळ करणाऱ्या कोळ्याची जात तर २००५ सालापर्यंत शास्त्राच्या दफ्तरी दाखलच झालेली नव्हती. जगातील ज्ञात कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ च्या एप्रिलात पन्नास हजारांवर गेली, आणि ती वाढतेच आहे.

परंतु शंका येणे आणि ती सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. ‘नवी जात सापडली’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक सापडतो तो केवळ एक प्राणी, आणि त्याचे नवेपण हा आधी वर्णिलेल्या सगळ्या जातींशी त्याची तुलना केल्यानंतर दिलेला एक निवाडा असतो. हा निवाडा टिकाऊ कसा करावा, हे महाविद्यालयातील विद्यार्थी, शिक्षक, वनखात्यातील जिज्ञासू कर्मचारी आणि हौशी निसर्गनिरीक्षक यांना उपयोगी पडावे अशा बेताने येथे सांगावयाचे आहे.

प्रथम, बिळात राहणाऱ्या कोळ्यांतच नव्या जाती इतक्या का निघतात ते ध्यानात घ्यावे. अंगणात जाळी विणणाऱ्या पुष्कळ कोळ्यांची पिल्ले रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्यावर दूरदूर जातात. बीळवासी कोळ्यांपैकी बहुतेकांची पिल्ले मात्र आईच्या बिळातून बाहेर पडून काही पावलांवरच आपले इवलेसे बीळ खणतात. परिणामी एका खोऱ्यातील वसाहत पलीकडच्या खोऱ्यातील वसाहतीपासून हजारो पिढ्या अलग राहू शकते, आणि या अवधीत ती एक स्वतंत्र जात बनून जाते. आता अडचण अशी की या सर्वांचा व्यवसाय एकच, राहणी एकच, तेव्हा बाह्य रूपही जवळजवळ एकच राहते: काळसर-तपकिरी वर्ण, आखूड दणकट पाय, केसाळ उदर. त्यामुळे दोन जातींना एक समजण्याची चूक जितकी सोपी, तितकीच एका जातीच्या वयपरत्वे भिन्न दिसणाऱ्या व्यक्तींना दोन जाती समजण्याची चूकही सोपी असते.

आपल्यापुढचे बीळ कोणाचे, हा पहिला प्रश्न. विंचवाच्या बिळाचे तोंड बहुधा आडवे, अर्धचंद्राकृती किंवा चपटे असते व त्याला रेशमाचे अस्तर नसते. खेकड्याच्या बिळापाशी चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतात. कोळ्याचे तोंड गोल आणि कडेला रेशमाने लिंपलेले असते. त्यातही रेशीम दिसले म्हणून हर्षभरित होण्याचे कारण नाही, कारण लांडगा-कोळी म्हणून ओळखला जाणारा चपळ वर्गही बिळे करतो, आणि रात्री कपाळावर दिवा बांधून पाहिले असता त्याचे डोळे लखकन चमकतात. ज्या प्राचीन गटाविषयी आपण येथे बोलत आहोत, त्याची खूण विषदंतांत आहे. सामान्य कोळ्याचे विषदंत चिमट्याच्या पात्यांप्रमाणे आडवे मिटतात, तर या गटाचे विषदंत एकमेकांना समांतर राहून वरून खाली उतरतात. शिवाय उदराच्या खालच्या बाजूस श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांच्या दोन जोड्या फिकट चौकोनी डागांच्या रूपाने दिसतात. ही दोन लक्षणे पटली म्हणजे गटाविषयी शंका राहू नये.

गटानंतर कुल आणि वंश. येथे भिंग आणि सबुरी दोन्ही लागतात. पायांच्या टोकांना केसांचे दाट, मऊ झुपके असतील आणि देह भरदार असेल तर तो बहुधा टॅरंट्युला म्हणून प्रसिद्ध असलेल्या थेराफोसिडी कुलातील. चिलोब्राकिस, थ्रिग्मोपियस हे आपल्या पश्चिम घाटातील बीळवासी वंश याच कुलातले. जबड्याच्या पुढच्या टोकाला खणण्यासाठी आखूड, जाड काट्यांची फणी असेल तर तो झाकणवाल्या कुलांपैकी एखाद्यातला असण्याचा संभव अधिक. येथे एक गमतीचा सापळा आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. हेलिग्मोमेरस या वंशात तिसऱ्या पायाच्या नळीच्या वरच्या अंगाला मुळाशी एक गुळगुळीत, खोगिरासारखा खोलगट भाग असतो; आणि नेमका तसाच खोलगट भाग कोनोथेले या अगदी निराळ्या कुलातील वंशातही असतो. केवळ पाय पाहून निर्णय करणारा माणूस येथे हमखास फसतो. अशा वेळी डोळ्यांकडे वळावे: हेलिग्मोमेरस ज्या इडिऑपिडी कुलातला, त्यात आठ डोळ्यांपैकी दोन डोळे उरलेल्या सहांना मागे सोडून पार पुढे, जबड्यावरच्या कडेपाशी येऊन बसलेले असतात, कोनोथेलेचे डोळे एका आटोपशीर पुंजक्यात राहतात. लक्षण एकटे विश्वासार्ह नसते, लक्षणांचा मेळ विश्वासार्ह असतो, हे या विद्येत पहिल्याच महिन्यात कळून चुकते.

हे सर्व प्राण्याला हात न लावता, निदान त्याला न मारता, बरेचसे साधते. याच्या पुढची पायरी गाठायची असेल तर आधी परवानगी. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवान्यावाचून नमुना गोळा करणे हा गुन्हा आहे. राखीव वनात वनखात्याची संमती पाहिजे, खाजगी जमिनीत मालकाची, आणि देवराईत गावकऱ्यांची. अर्जात संस्था, मार्गदर्शक, ठिकाण, मुदत, नमुन्यांची कमाल संख्या आणि ते कोठे ठेवणार याचा तपशील द्यावा. परवाना मिळण्यास विलंब लागतो, ही तक्रार मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण बिनपरवाना गोळा केलेल्या नमुन्यावर लिहिलेला निबंध प्रतिष्ठित नियतकालिक स्वीकारीत नाही, सबब घाई करून वाचवलेला वेळ शेवटी पदरात पडतच नाही.

प्रत्यक्ष बिळापाशी पहिली अर्धी घटका कुदळ बाजूला ठेवून वही उघडावी. तोंडाचा व्यास, झाकणाची जाडी, ते बुचासारखे जाड असून तोंडात घट्ट बसणारे आहे की पापुद्र्यासारखे पातळ असून नुसते वर टेकणारे, बिजागरी वरच्या अंगाला की बाजूला, उताराचा कोन, माती जांभ्याची की काळी, ओल किती, सावली कोणत्या झाडाची, आणि त्याच पट्ट्यात हातभर अंतरात आणखी किती बिळे आहेत, हे सारे लिहावे. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. मग चाकूचे बोथट टोक झाकणाच्या कडेखाली हलकेच सरकवून पाहावे. आतला कोळी घरी असला तर झाकण उचलू पाहणाऱ्या हाताला एक स्पष्ट ओढ जाणवते: तो विषदंत आणि पुढच्या पायांच्या नख्या झाकणाच्या आतल्या रेशमात रुतवून, बिळाच्या भिंतींना पाय रेटून, ते खाली खेचून धरतो. ओढ एकदम सुटली तर तो तळाशी पळाला असे समजावे. झाकण उघडल्यावर आतल्या पांढऱ्या अस्तरावर त्या पकडीची बारीक छिद्रेही पुष्कळदा दिसतात.

खणावयाचे झालेच तर सरळ तोंडावर घाव घालू नये. गवताची एक लवचिक काडी बिळात शेवटपर्यंत सारावी, म्हणजे माती ढासळली तरी बिळाची दिशा हरवत नाही. मग बाजूला, थोडे खालच्या अंगाने, दुसरा खड्डा घेत घेत बिळाच्या पोटात यावे, आणि वाटेत आडफाटा किंवा दुसरे आतले झाकण लागले तर त्याचे रेखाटन करावे, कारण बिळाची घडण हीही जात ओळखण्यास साहाय्यक ठरते. प्राण्याला हाताने उचलू नये. रुंद तोंडाच्या डबीत ब्रशने ढकलावे. अंड्यांची पिशवी किंवा पिल्ले घेऊन बसलेली मादी मिळाली तर माती परत सारखी करून निघून यावे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थ बंगुला या राखीव क्षेत्रात बार्बरा यॉर्क मेन या विदुषींनी १९७४ पासून झाकणवाल्या कोळ्यांच्या बिळांना क्रमांकाच्या खुणा लावून, ती न उकरता, वर्षानुवर्षे त्यांची हजेरी घेतली. त्यांतली १६ क्रमांकाची मादी त्याच बिळात ४३ वर्षांपर्यंत जगली. २०१६ साली तिचे झाकण गांधीलमाशीसारख्या एका परोपजीवी माशीने भोसकलेले आढळले. आपल्या घाटातील कोळी इतके जगतातच असे नव्हे, पण कुदळ उचलताना ही मादी आठवावी. एका वसाहतीतून दोन-तीन प्रौढ नमुन्यांहून अधिक घेण्याची गरज वर्णनासाठी सहसा पडत नाही. आणि ज्या वसाहतीत मोजकीच बिळे दिसतात तेथून एकही न घेणे हाच विवेक होय.

नमुना प्रौढ असला पाहिजे, यावर मी विशेष भर देतो, कारण सर्वांत जास्त श्रम येथेच फुकट जातात. या गटात मादीच्या जननेंद्रियाची बाहेरून दिसणारी निश्चित आकृती नसते. शुक्राणू साठविण्याच्या ज्या दोन पिशव्या उदराच्या आत असतात त्यांचा आकार, टोके व देठ यांवरून जात ठरते, आणि त्या पाहण्यासाठी तो भाग कापून, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली न्यावा लागतो. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकाला एक फुगीर अवयव असतो, ज्याची चोच प्रत्येक जातीत निराळ्या वळणाची असते. पुष्कळ वंशांत पहिल्या पायाच्या नळीवर मीलनकाळी मादीचे विषदंत अडकवून धरणारे काटेही असतात. हा फुगीर अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्णत्वास येतो. त्यानंतर नर बीळ सोडतो, मादीच्या शोधात भटकतो आणि थोड्याच काळात मरतो. म्हणून नर बिळात शोधून मिळत नाही. तो पावसाळ्याच्या रात्री पडवीत, न्हाणीघरात, विहिरीच्या काठावर, पाण्याच्या हौदात बुडालेला असा मिळतो. घाटमाथ्यावरच्या गावांत राहणाऱ्या वाचकांना या कामी जे करता येईल ते शहरातल्या शास्त्रज्ञाला करता येत नाही. घरात आलेला मेलेला केसाळ कोळी केरात न टाकता स्पिरिटच्या बाटलीत टाकून ठेवला, आणि बाटलीत तारीख व गाव लिहिलेला कागद घातला, तर एखाद्या जातीचे अर्धे राहिलेले वर्णन त्यामुळे पुरे होऊ शकते.

कागद बाटलीच्या आत, हे अक्षरशः घ्यावे. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी ओलाव्याने गळून पडते, आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जाड कागदावर पेन्सिलीने गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. सत्तर ते ऐंशी टक्क्यांचे अल्कोहोल देहासाठी, आणि एक पाय वेगळ्या कुपीत जवळजवळ शुद्ध अल्कोहोलमध्ये डीएनए तपासणीसाठी, अशी वाटणी करावी. शुद्ध अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावाचून मिळत नाही, तेव्हा जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेशी संधान बांधणे श्रेयस्कर.

स्थळाच्या नोंदीचे मोल किती, याचे एक बोलके उदाहरण आंध्रातले आहे, जरी तो कोळी बिळात नव्हे तर झाडाच्या ढोलीत राहणारा आहे. पोसिलोथेरिया मेटॅलिका हा निळ्या रंगाचा देखणा कोळी रेजिनल्ड पोकॉक यांनी १८९९ साली एकाच नमुन्यावरून वर्णिला. तो नमुना गुटी येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळाला होता. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही, आणि २००१ साली जेव्हा पुन्हा आढळला तेव्हा तो गुटीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, नंद्याळ व गिद्दलूर यांमधील जंगलात. लाकडाच्या ओंडक्यांबरोबर आगगाडीने तो गुटीला आला असावा, असे मानले जाते. चिठ्ठीवरचे स्थळ खरे होते, परंतु प्राण्याचे घर ते नव्हते.

आता तुलना, म्हणजे कामाचा कणा. ज्या वंशात आपला नमुना बसतो त्या वंशातील भारतातील, श्रीलंकेतील व शेजारच्या प्रदेशांतील प्रत्येक ज्ञात जातीचे मूळ वर्णन वाचल्याशिवाय नवेपणाचा शब्दही उच्चारू नये. प्रारंभ पोकॉक यांच्या १९०० साली निघालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसंपदेवरील ग्रंथाने करावा. त्यानंतर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील ग्रेव्हली यांचे १९१५ पासूनचे निबंध, पुण्यात दीर्घकाळ काम केलेले टिकाडर यांचे ग्रंथ, आणि वर्गीकरणाची फेरमांडणी करणारा रॉबर्ट रेव्हन यांचा १९८५ चा प्रबंध. हे साहित्य गोळा करण्यात पूर्वी उमेदीची वर्षे जात. आता स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्ग-इतिहास संग्रहालय चालवीत असलेल्या जागतिक कोळी-सूचीत नाव नोंदविले की यातले बहुतेक घरबसल्या वाचता येते, ही सोय ज्यांना मिळाली त्यांनी आळस करू नये.

वाचताना असे आढळेल की जुन्या लेखकांनी कित्येक जातींची वर्णने चार-सहा ओळींत उरकली आहेत, कधी केवळ मादीवरून, कधी अप्रौढ नमुन्यावरून, आणि आकृती न देता. अशा वेळी मूळ नमुनाच पाहावा लागतो. पोकॉक यांचे नमुने लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहेत, तर कलकत्त्याचे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात. तेथील अधिकाऱ्यांस रीतसर पत्र लिहून छायाचित्रे किंवा मापे मागवता येतात. ते शक्य नसेल तर जुनी जात जेथून वर्णिली गेली त्याच गावी जाऊन ताजा नमुना मिळवावा. या खटाटोपाचे फळ पुष्कळदा असे निघते की आपला कोळी नवा नसून शंभर वर्षांपूर्वी नाव मिळून विस्मृतीत गेलेला जुनाच आहे. यात हिरमुसण्यासारखे काही नाही. जुन्या जातीचे शुद्ध, सचित्र पुनर्वर्णन हे कच्च्या नव्या जातीपेक्षा माझ्या मते कितीतरी मोलाचे काम आहे, जरी वर्तमानपत्रांत त्याचा मथळा होत नसला.

मापांविषयी फार लिहीत नाही: शिरोवक्षाची लांबी-रुंदी, प्रत्येक पायाच्या प्रत्येक सांध्याची लांबी, डोळ्यांचे व्यास व परस्पर अंतरे मिलिमीटरमध्ये मोजावीत, आणि आकृत्या स्वतः काढाव्यात. डीएनएच्या पुराव्याला हल्ली महत्त्व आले आहे ते योग्यच आहे. दिसायला एक पण वंशावळीने भिन्न अशा जाती त्यानेच उघडकीस येतात. मात्र बीळवासी कोळ्यांत शेजारच्या दोन वसाहतींतही आनुवंशिक अंतर मोठे निघू शकते, तेव्हा नुसत्या आकड्यावर जात उभारणे धोक्याचे. देहाची लक्षणे, बिळाची घडण, नराच्या भटकण्याचा काळ यांचीही साक्ष जुळली पाहिजे.

मग नाव. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय कायदा लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून सुरू होतो; पण कोळ्यांना त्यात एक अपूर्व सवलत आहे, ती अशी की स्वीडनच्याच कार्ल क्लर्क यांनी १७५७ साली कोळ्यांवर लिहिलेल्या ग्रंथातील नावांना लिनियसच्या नावांहूनही अग्रमान दिला गेला आहे. नाव स्थळावरून, लक्षणावरून किंवा व्यक्तीवरून ठेवता येते; स्वतःचे नाव देण्यास नियमांचा स्पष्ट निषेध नसला तरी ते अशिष्ट मानले जाते. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार-नमुना, म्हणून निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला हे निबंधात लिहिल्याशिवाय नव्या जातीचे नाव ग्राह्य होत नाही, आणि निबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघत असेल तर त्याची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत सूचीत नोंद झालेली असावी लागते. निबंध छापून येण्याआधी बातमीदाराला नाव सांगू नये. वर्तमानपत्रात आलेल्या तशा नावाला नियमांत स्थान नसते आणि नंतरच्यांना त्याचा घोळ मात्र निस्तरावा लागतो.

होलोटाइप घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवण्याचा मोह आवरावा. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्याने शोधलेल्या जातीची सूचना नियुक्त संग्रहालयास देणे व नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ती जबाबदारी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेकडे असून तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवावयाचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांची आधी खातरजमा करावी.

शेवटी एक विनंती. केसाळ कोळी पाळण्याचा शौक जगभर पसरला आहे, आणि नव्या जातीचे ठिकाण प्रसिद्ध होताच ती पकडून विकणारे तेथे पोचतात. हौसेने केलेले छायाचित्रही मोबाइलमध्ये स्थळाची नोंद घेऊन फिरत असते. म्हणून निबंधात स्थळ तालुक्यापर्यंतच द्यावे, बिनचूक अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदवहीत ठेवावेत, आणि समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यातील स्थळाची माहिती पुसून टाकावी.